‘तठे कोन शे?’ : निषेध झाला की माणसे दुसऱ्या समाजमाध्यमावर खरेच जातात का?

जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने आपल्या गोपनीयता धोरणातील बदल जाहीर केले आणि फोनवर ‘मान्य करा’ अशी सूचना झळकू लागली, तेव्हा आमच्या कुटुंबाच्या गटात चार-पाच दिवस दुसरा विषय नव्हता. धुळ्याच्या चुलतभावाने सिग्नल या ॲपवर नवा गट काढला, त्याची लिंक जुन्या गटात टाकली आणि खाली लिहिले, ‘रविवारपर्यंत सर्वांनी यावे.’ जुन्या गटात आम्ही एकेचाळीस जण होतो. रविवारी नव्या गटात नऊ होतो. पारोळ्याच्या मावशीला मी फोनवरून ॲप कसे घ्यायचे ते समजावू लागलो, तर तिने मधेच थांबवून अहिराणीत एवढेच विचारले, ‘तठे कोन शे?’ म्हणजे, तिथे आहे तरी कोण? मी नऊ नावे सांगितली. त्यांत तिच्या दोन्ही लेकींची नावे नव्हती. ‘मंग मी तठे काय करू?’ असे म्हणून तिने फोन ठेवला.

एखाद्या बड्या समाजमाध्यमाने नियम बदलले, शुल्क लावले, खाती बंद केली किंवा मालकच बदलला की संताप उसळतो, ‘हे सोडा, ते घ्या’ अशी हाक उठते आणि पर्यायी ॲपची बातमी होते. २०२५ च्या सप्टेंबरअखेर झोहो या भारतीय कंपनीच्या ‘अरट्टाई’ या ॲपबाबतही अशी हाक आपण ऐकली, फक्त तिच्यामागे संतापापेक्षा स्वदेशीचा आग्रह अधिक होता. अशा हाकेने माणसे खरोखर हलतात का, आणि हलली तर कधी, हे समजून घ्यायचे तर मावशीच्या प्रश्नापासूनच सुरुवात करावी लागते.

यात्रा जागेमुळे भरते की माणसांमुळे?

नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यात तापीकाठी सारंगखेडा येथे दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिथला घोडेबाजार देशभर प्रसिद्ध आहे. समजा, कोणी पाच कोसांवर याहून मोठे मैदान तयार केले, पाण्याची आणि सावलीची उत्तम सोय केली आणि जागाही फुकट दिली. घोडे विकणारा तिथे जाईल का? तो आधी विचारील, गिऱ्हाईक कुठे आहे? गिऱ्हाईक विचारील, घोडे कुठे आहेत? दोघेही सारंगखेड्याला जातात, कारण दुसरा तिथे येणार हे दोघांनाही ठाऊक आहे.

एखाद्या सोयीचे मोल ती वापरणाऱ्यांच्या संख्येमुळे वाढत जाते, याला अर्थशास्त्रात ‘नेटवर्क इफेक्ट’ म्हणतात. आपण त्याला जाळ्याचा गुण म्हणू. पंखा किंवा पाण्याचा पंप यांच्या अंगी हा गुण नसतो. शेजाऱ्याकडे वेगळ्या कंपनीचा पंप असला म्हणून आपल्या विहिरीचे पाणी कमी होत नाही. टेलिफोन, बाजार आणि समाजमाध्यमे यांच्या अंगी तो पुरेपूर असतो.

आमच्या कुटुंबाचेच गणित मांडून पाहतो. एकेचाळीस जणांच्या गटात कोणीही कोणाशी बोलू शकतो, अशा ८२० जोड्या होतात. नऊ जणांच्या गटात अशा जोड्या फक्त ३६. म्हणजे बावीस टक्के माणसे नव्या जागी गेली, पण बोलण्याच्या शक्यतांपैकी साडेचार टक्केसुद्धा तिकडे गेल्या नाहीत. नव्या गटात गेल्यावर जो सुन्नपणा जाणवतो, तो या आकड्यांतून येतो. ॲपचा त्यात काही दोष नसतो.

सगळ्यांना हलायचे असले तरी कोणी हलत का नाही?

पहिल्याने जाण्याचा तोटा पहिल्यालाच सोसावा लागतो. गटातल्या प्रत्येकाला मनातून जुने ॲप नकोसे झाले असले, तरी प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो, आणि वाट पाहणारे सगळे जुन्याच जागी बसलेले असल्यामुळे जुनी जागा भरलेलीच दिसते.

ही कोंडी बाहेरून फुटली तर काय होते, हे आपल्याकडे २९ जून २०२० रोजी दिसले. केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली आणि भारतातल्या सुमारे २० कोटी वापरकर्त्यांचे टिकटॉक एका फटक्यात गेले. धुळे-नंदुरबारकडच्या खेड्यांतून अहिराणी गाण्यांवर नाचणारी, शेताच्या बांधावर विनोद करणारी कितीतरी पोरे त्यावर होती. जुलैतच इन्स्टाग्रामने भारतात ‘रील्स’ सुरू केले आणि ती पोरे तिकडे किंवा यूट्यूबवर गेली. इथे निषेधाचा काही संबंध नव्हता. सगळ्यांचे दार एकाच दिवशी बंद झाले, त्यामुळे पहिल्याने कोणी जायचे हा प्रश्नच उरला नाही. मात्र जमवलेले लाखभर अनुयायी कोणालाच सोबत नेता आले नाहीत. ते पुन्हा शून्यापासून जमवावे लागले. या मुद्द्याकडे पुढे परत येऊ.

रेडिटचा दोन दिवसांचा बंद

निषेधाचे सर्वांत मोठे आणि नीट नोंदले गेलेले अलीकडचे उदाहरण रेडिट या अमेरिकी संकेतस्थळाचे आहे. रेडिटवर विषयवार हजारो चर्चामंडळे असतात आणि ती सांभाळणारे नियंत्रक बिनपगारी असतात, हे आधी लक्षात घ्यावे. पुढचे सगळे नाट्य त्यातून घडले. दुसरी एक तांत्रिक संज्ञा ‘एपीआय’. दुकानाच्या मागच्या बाजूला घाऊक व्यापाऱ्यांसाठी एक खिडकी असावी आणि तिथून माल घेऊन त्यांनी तो आपापल्या पद्धतीने विकावा, तशी ही सोय असते. रेडिटवरचा मजकूर या खिडकीतून घेऊन काही स्वतंत्र लोकांनी स्वतःची ॲप बनवली होती आणि अनेकांना ती रेडिटच्या स्वतःच्या ॲपपेक्षा आवडत होती.

२०२३ मध्ये रेडिटने या खिडकीवर दर लावला. ‘अपोलो’ या लोकप्रिय ॲपच्या निर्मात्याने हिशेब जाहीर केला, की या दराने आपल्याला वर्षाला सुमारे २ कोटी डॉलर मोजावे लागतील. १२ जून २०२३ रोजी आठ हजारांहून अधिक चर्चामंडळांनी दोन दिवसांसाठी आपली दारे लावून घेतली. जगभर बातम्या झाल्या. मुख्य कार्यकारी अधिकारी स्टीव्ह हफमन यांनी कर्मचाऱ्यांना धीर दिला, की हेही ओसरेल.

आणि ते ओसरले. दोन दिवसांनी बरीच मंडळे उघडली. जी बंद राहिली त्यांच्या नियंत्रकांना कंपनीने बजावले, की मंडळ उघडा, नाहीतर तुमच्या जागी दुसरे येतील. काहींनी गमतीदार मार्ग काढला; छायाचित्रांच्या एका प्रचंड मोठ्या मंडळाने जॉन ऑलिव्हर या विनोदी कार्यक्रमकर्त्याचेच फोटो टाकायचे, असा नियम केला. ३० जूनला अपोलो बंद पडले. मार्च २०२४ मध्ये रेडिटचे शेअर बाजारात आले आणि त्या वर्षाअखेर रोज येणाऱ्यांची संख्या दहा कोटींच्या वर गेली. निषेधकर्त्यांनी जवळ केलेल्या ‘लेमी’ या पर्यायाचे महिन्याचे सक्रिय वापरकर्ते काही दहा हजारांच्या घरातच राहिले.

हा निषेध फसला तो मुदतीमुळे, असे माझे मत आहे. ज्या बंदच्या घोषणेतच तिसऱ्या दिवशी शटर उघडणार हे लिहिलेले असते, तो बंद समोरच्याला फक्त दोन दिवस कळ काढायला सांगतो. शिवाय ज्यांना राग आला होता ते नियंत्रक आणि जुने-जाणते लोक होते. रोज येऊन नुसते वाचून जाणाऱ्या कोट्यवधींना खिडकीचा दर काय आहे याच्याशी कर्तव्य नव्हते.

मग ‘डिग’ का ओस पडले?

गंमत अशी, की खुद्द रेडिट मोठे झाले ते दुसऱ्या एका संकेतस्थळावरच्या निषेधामुळे. डिग हे रेडिटच्याच जातीचे आणि त्याच्याहून कितीतरी मोठे ठिकाण होते. ऑगस्ट २०१० मध्ये त्याने आपली नवी आवृत्ती आणली. तिच्यात प्रकाशनसंस्थांना झुकते माप मिळाले, वापरकर्त्यांच्या हातातली साधने गेली आणि वर ती वारंवार बंदही पडू लागली. चिडलेल्या लोकांनी डिगच्या पहिल्या पानावर रेडिटच्याच लिंक भरून टाकल्या. पुढच्या काही महिन्यांत डिगची वर्दळ आटली आणि २०१२ मध्ये त्याचे नाव व संकेतस्थळ अवघ्या पाच लाख डॉलरच्या आसपास विकले गेले.

दोन्हीकडे राग सारखाच होता, पण परिस्थिती तीन बाबतींत वेगळी होती. डिगच्या प्रत्येक वापरकर्त्याला बदल पहिल्याच सेकंदाला डोळ्यांसमोर दिसला. जुन्याकडे परतण्याची वाट उरली नव्हती. आणि रेडिट २००५ पासून शेजारीच, जवळपास तशाच मांडणीचे, बऱ्यापैकी माणसांनी भरलेले उभे होते. ‘तठे कोन शे?’ या प्रश्नाला तिथे उत्तर होते. त्यातही आधी गेले ते रोज मजकूर आणणारे थोडे लोक. बाकीचे वाचक मजकुराच्या मागे गेले.

ट्विटर : पूर आणि गाळ

ऑक्टोबर २०२२ मध्ये ४४ अब्ज डॉलरना इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतले, तेव्हा मॅस्टोडॉन या पर्यायाकडे लोंढा निघाला. काही लाखांवरून त्याचे महिन्याचे सक्रिय वापरकर्ते डिसेंबरपर्यंत सुमारे २५ लाखांवर गेले आणि पुढच्या काही महिन्यांत त्यांतले दहाएक लाख परतले. परतणाऱ्यांची एक तक्रार अगदी साधी होती : खाते उघडतानाच ‘कोणता सर्व्हर निवडता?’ असे विचारले जाई आणि नवखा माणूस तिथेच अडखळे.

भारतात हे आधीच एकदा घडून गेले होते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद केले गेले, त्यावर संतापलेल्या अनेक भारतीयांनी मॅस्टोडॉनवर खाती उघडली आणि बहुतेक जण काही आठवड्यांत ट्विटरवर दिसू लागले. विरुद्ध बाजूच्या रागावर ‘कू’ वाढले. मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या या भारतीय ॲपवर, शेतकरी आंदोलनाच्या काळात सरकार आणि ट्विटर यांच्यात वाद पेटल्यावर फेब्रुवारी २०२१ मध्ये मंत्री आणि सरकारी खाती आली. मराठीसह अनेक भारतीय भाषांची तिथे सोय होती. पण बडी मंडळी ट्विटरवरही लिहीतच राहिली. मग त्यांना वाचण्यासाठी वेगळीकडे जाण्याचे कारण उरले नाही. जुलै २०२४ मध्ये कू बंद झाले.

हतनूरचे दरवाजे उघडले की तापीचे पाणी चढते आणि दोन दिवसांत उतरते, हे आपण दर पावसाळ्यात पाहतो. पाणी उतरते, पण काठावर गाळाचा थर राहतो. निषेधाच्या लाटांचेही तसेच आहे. ब्लूस्काय हे ॲप २०२४ च्या फेब्रुवारीत सर्वांसाठी खुले झाले. ऑगस्टअखेर ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, बंदी आणली तेव्हा एक लाट आली, नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर दुसरी आली आणि खात्यांची संख्या दोन कोटींच्या पुढे गेली. प्रत्येक लाटेनंतर पुष्कळ जण गप्प झाले, तरी काही गट तिथे रुजले आणि पुढच्या लाटेतल्या माणसाला आल्याबरोबर ओळखीचे कोणी तरी भेटले. म्हणून एका निषेधावरून पर्यायाचे भवितव्य ठरवणे घाईचे होईल.

‘ॲप चांगले आणि आपले असले, तर लोक जातीलच ना?’

जातील, आणि बघून परत येतील. अरट्टाईवर रोज सुमारे तीन हजार नवी खाती उघडत होती, ती तीन दिवसांत साडेतीन लाखांवर गेली, असे झोहोचे संस्थापक श्रीधर वेंबू यांनी सांगितले होते. ॲपच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि काही आठवड्यांत खाली घसरले. खाते उघडणे हे एका मिनिटाचे काम आहे. सवय बदलायला गावातला किराणावाला, मुलांच्या शाळेचा गट आणि सोसायटीचा सचिव हे सगळे तिकडे लागतात.

मग निषेध वायाच जातो म्हणायचा?

नाही. त्याचे फळ बहुधा जुन्याच झाडाला लागते. व्हॉट्सॲपच्या प्रकरणात टेलिग्रामला ७२ तासांत अडीच कोटी नवे वापरकर्ते मिळाले, नव्या गर्दीने सिग्नलची यंत्रणा एक दिवस कोलमडली, आणि व्हॉट्सॲपने ८ फेब्रुवारीची मुदत १५ मेपर्यंत पुढे ढकलली. लोक परत आले हे खरे, पण कंपनी वरमली हेही खरे. याच धोरणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटा हिला २१३ कोटी रुपयांचा दंड ठोठावला.

२००६ मध्ये फेसबुकने मित्रांच्या हालचाली एका पानावर दाखवणारी ‘न्यूज फीड’ आणली, तेव्हा लाखो विद्यार्थ्यांनी फेसबुकवरच निषेधाचे गट काढले. ते गट इतक्या झपाट्याने पसरले ते त्या न्यूज फीडमुळेच. सोडून कोणी फारसे गेले नाही, मात्र कंपनीला खासगीपणाची नवी नियंत्रणे द्यावी लागली. याहून मला आवडते ते स्पॅनिश विकिपीडियाचे उदाहरण. २००२ मध्ये विकिपीडियावर जाहिराती येणार अशी चर्चा निघाली, तेव्हा स्पॅनिश लेखकांचा एक गट सगळा मजकूर घेऊन बाहेर पडला आणि त्याने स्वतःचा मुक्त ज्ञानकोश सुरू केला. मजकुराचा परवानाच तसा असल्यामुळे त्यांना तो नेता आला. त्यांचा कोश पुढे मागे पडला. विकिपीडियावर जाहिराती आजही नाहीत.

‘दोन्हीकडे राहिले तर काय बिघडले?’

काहीच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, आणि त्याच दिवसांत त्याच गावात अठरावे विद्रोही साहित्य संमेलनही भरले. १९९९ पासून विद्रोही संमेलन चालू आहे. त्याने मुख्य संमेलनाचा मांडव रिकामा केलेला नाही आणि मुख्य संमेलनानेही त्याला गिळलेले नाही. तिथे वेगळे बोलले जाते म्हणून माणसे येतात, आणि कित्येक जण दोन्हीकडे जाऊन येतात. पर्यायी समाजमाध्यमालाही असे स्वतःचे काही असावे लागते. ‘आम्ही अमक्यासारखेच, पण अमके नाही’ एवढ्यावर दुसरा मांडव फार दिवस उभा राहत नाही.

नंबर नेता येतो, गट का नेता येत नाही?

सगळ्या प्रश्नाची गुरुकिल्ली इथे आहे. २० जानेवारी २०११ पासून भारतभर मोबाइल क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते. १९०० वर एक संदेश पाठवला की काम सुरू. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा ‘बीएसएनएलला चला’ अशी हाक उठली आणि त्या एका महिन्यात बीएसएनएलचे सुमारे २९ लाख ग्राहक वाढले. नेटवर्क पुरेसे न मिळाल्याने वर्ष संपेपर्यंत तो ओघ आटला, हा भाग वेगळा. पण जाणाऱ्याला आपले नातेवाईक गमवावे लागले नाहीत, कारण एका कंपनीचा फोन दुसऱ्या कंपनीला लागतो. ईमेलचेही तसेच. यूपीआयचेही तसेच, भाजीवाल्याच्या क्यूआर कोडवर कोणत्याही ॲपमधून पैसे जातात, त्यामुळे ‘तठे कोन शे?’ असे विचारावेच लागत नाही.

या गुणाला आंतरजोडणी म्हणता येईल. समाजमाध्यमांना तो बसवणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. मॅस्टोडॉनची रचना नेमकी तशीच, एका सर्व्हरवरून दुसऱ्यावरचा माणूस वाचता येईल अशी आहे. युरोपीय संघाच्या डिजिटल बाजार कायद्याने व्हॉट्सॲपसारख्या बड्या सेवांवर इतर संदेशसेवांना जोडून घेण्याचे बंधन घातले. त्यावर हरकतही घेतली जाते : दोन ॲपमधून जाणारा संदेश दोघांच्या मधे उघडा पडला तर? ही भीती खरी आहे आणि म्हणूनच काम संथ चालले आहे. आपल्याकडे विदा-संरक्षण विधेयकाच्या २०१८ आणि २०१९ च्या मसुद्यांत स्वतःची माहिती दुसऱ्या सेवेकडे नेण्याचा हक्क होता. २०२३ मध्ये संमत झालेल्या कायद्यात तो नाही. एखादे ॲप काढून टाकण्याच्या प्रत्येक हाकेला जेवढी प्रसिद्धी मिळाली, तिच्या दशांशही या गळालेल्या कलमाला मिळाली नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

ज्यांना खरोखर हलायचे आहे, त्यांनी काय करावे?

मे २०२१ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचे ‘फ्रीनोड’ हे जुने संवादजाळे मालकीच्या वादात सापडले. ते चालवणारे स्वयंसेवक एकाच दिवशी राजीनामे देऊन बाहेर पडले आणि त्याच दिवशी त्यांनी ‘लिबेरा चॅट’ सुरू केले. उबुंटू, विकिमीडिया यांसारख्या प्रकल्पांनी आपली दालने पूर्णच्या पूर्ण तिकडे नेली. सगळी नदी वळवण्याच्या फंदात कोणी पडले नाही. एकेका पाटाने आपला प्रवाह वळवला.

रावेर तालुक्यातल्या ओळखीच्या एका केळी उत्पादकाने त्याच वर्षी नेमके हेच केले. व्हॉट्सॲपच्या गटात तेव्हा २५६ जणांपलीकडे माणूस घेता येत नसे, आणि गट तर भरून वाहत होता. त्याने टेलिग्रामवर नवा गट काढला, तीन आठवडे विनवण्या केल्या, कंपनीला शिव्या घालणारे संदेश टाकले. चाळीस जण आले. मग एके दिवशी त्याने वाद घालणे सोडले आणि केळीच्या रोजच्या भावाच्या फलकाचा फोटो जुन्या गटात टाकणेच थांबवले. भाव फक्त नव्या गटात. आठवडाभरात दोनशेच्या वर माणसे तिकडे होती. जुना गट त्याने मोडला नाही. त्यात आता वाढदिवसाच्या शुभेच्छा तेवढ्या येतात.